साडेदहा फूट

फोन आला तेव्हा शेषगिरी बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये, उभ्यानंच खायच्या दर्शिनी हॉटेलात टेबलाशी अर्ध्या कॉफीकडे बघत उभा होता. ही उरलेली अर्धी कॉफी गेल्या दोन वर्षांपासूनची. त्याआधी तीस वर्षं तो आणि पापण्णा इथं रोज सकाळी बाय-टू घेत आले होते, एक कॉफी आणि पेले दोन, आणि दोघांचंही पोट त्या अर्ध्यातच भरायचं. पापण्णा गेल्यावर अख्खी कॉफी मागवायची वेळ आली आणि शेषगिरीच्या लक्षात आलं, की आपल्याला अख्खी कॉफी संपतच नाही. गल्ल्यावरचा मंजय्या अजूनही सवयीनं "बाय-टू ना सर?" म्हणून जायचा, मग जीभ चावायचा, आणि त्याचं ते जीभ चावणं शेषगिरीला कॉफीपेक्षा कडू लागायचं. खिशात फोन थरथरला. इंचराचा होता. जुन्या फिल्मा दुरुस्त करणाऱ्या संस्थेतली ही पोरगी, तिशीचीसुद्धा नसेल, पण रिळाला हात असा लावायची की जणू तान्हं बाळ आंघोळीला घेतलंय. "सर, बसलायत का?" तिनं विचारलं. "दर्शिनीत कोण बसतं ग? उभा आहे," तो म्हणाला. "मग टेबल धरा. 'होळे दाटिदवळु' धुऊन-पुसून तयार झाली. आवाजसुद्धा स्वच्छ झाला. दसऱ्याला डिस्क बाजारात येणार." शेषगिरीनं खरंच टेबल धरलं. नदी ओलांडलेली, असा त्या कन्नड सिनेमाच्या नावाचा अर्थ. ती फिल्म शोधून जपावी म्हणून त्यानं एकवीस वर्षं अर्ज लिहिले होते, मंत्र्यांच्या दारात उभा राहिला होता, तीनशेचाळीस वेड्या माणसांचा गट जमवला होता, आणि लोकांनी तोंडावर हसून घेतलं होतं. "एकच खोट राहिलीय," इंचरा पुढे म्हणाली. "आठवं रीळ. नदीतल्या नावांचा सीन. मधले सात सेकंद नाहीत. तुटलेले नाहीत सर, कापलेत. कात्रीनं. आणि जोड इतका सफाईचा, की ज्यानं कापलं त्याला आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक होतं. तुम्हाला तर सगळा सिनेमा पाठ आहे. काय होतं तिथं?"

काय होतं तिथं! शेषगिरीनं पेला उचलला, परत ठेवला. "नाव होती," तो म्हणाला. "नावेत कोण? नायिका?" "नाही, ती पुढच्या नावेत. ह्या नावेत गर्दी. गावच्या बायका." पलीकडून इंचरा म्हणाली, "नवल आहे. लोक गाणं कापतात, नायिकेचा चेहरा कापतात, पावसात भिजलेली कापतात. गर्दी कोण कापेल सर?" "ऐकू येत नाहीये," शेषगिरी म्हणाला, "रेंज नाही इथं," आणि त्यानं फोन बंद केला. अडुसष्ट वर्षांच्या माणसानं सकाळी साडेआठला, चांगल्या उजेडात, शाळकरी पोरासारखं खोटं बोलावं, याची त्याला स्वतःलाच लाज वाटली.

घराकडे चालताना त्याच्या पायांना रस्ता पाठ होता म्हणून बरं, कारण डोळे दुसरंच काही बघत होते. बत्तीस. हा आकडा त्यानं आयुष्यभर ताईतासारखा गळ्यात बांधला होता. 'होळे दाटिदवळु'च्या बत्तीस प्रती निघाल्या होत्या, गांधीनगरातल्या एका वितरकाच्या म्हाताऱ्या कारकुनानं त्याला शपथेवर सांगितलं होतं. बत्तिसांतल्या एकीतून सात सेकंद गेले तर काय बिघडलं? एकतीस राहिल्या ना धडधाकट. सगळे असंच म्हणायचे. पापण्णाकडे बारा सिनेमांचे तुकडे होते, हसन गावच्या एका डॉक्टरकडे तर गोण होती. आवडीचा तुकडा ऑपरेटरकडून कापून घ्यायचा, खिडकीशी धरून बघायचा, वहीत चिकटवायचा. चोरी म्हणून कुणी केली नाही, देवाच्या हारातलं एक फूल उचलावं तसं उचललं. प्रत्येकाचा भरवसा दुसऱ्याच्या प्रतीवर. आणि मग एकेक करून त्या एकतीस प्रती गेल्या. काहींतली चांदी काढून घेतली, काही वितळवून त्यांच्या बांगड्या झाल्या, काही गोदामात आंबट वास सोडत कुजून गेल्या. गेल्या वर्षी हसनकडच्या एका माळ्यावर एका प्रतीचे अकरा डबे सापडले तेव्हा गटातल्या लोकांनी म्हैसूरपाक वाटला होता. शेषगिरीनं स्वतः दोन तुकडे खाल्ले होते, साखर वर्ज्य असताना. त्या दिवशी त्याच्या मनात एकदाही आलं नाही, की बत्तिसांतून नेमकी तीच उरेल. माणूस आपल्या पापाचा पत्ता विसरतो, पण पापाला माणसाचा पत्ता बरोबर ठाऊक असतो, असं काहीसं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःच्या ह्या कीर्तनी थाटाचा राग आला. पाप कसलं! चौदा वर्षांचा होता तो. आणि अम्मा रडत होती.

अम्मा तशी रडणारी बाई नव्हती. थोरली मुलगी तुंगक्का बाळंतपणात गेल्याची तार आली तेव्हासुद्धा ती रडली नाही, भिंतीला टेकून बसून राहिली, आणि त्या दिवसापासून तपकीर ओढायला लागली. आधी चिमूटभर, मग दिवसातून दहादा. शेषगिरीच्या लेखी अम्माचा वास म्हणजे तपकीर, तिच्या बोटांना, पदराला, तिनं वाढलेल्या ताकभातालासुद्धा. अक्काचा फोटो घरात नव्हता. लग्नात म्हैसूरहून फोटोवाला बोलावला होता, त्याची बस चुकली. "पहिल्या मुलाच्या बारशाला काढू," आप्पा म्हणाले होते. तेव्हा अक्का कुठं उरली होती तर त्या सिनेमात. लग्नाच्या आदल्या वर्षी तिरुमकूडलूच्या संगमावर सिनेमावाले आले, नावेत बसायला गावच्या बायका हव्या होत्या, आणि तुंगक्का आप्पांना न विचारता जाऊन बसली. मांडीवर घागर घेऊन. शेषू काठावर होता, दहा वर्षांचा. कुणीही कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हसायचं नाही, अशी कर्ण्यातून ताकीद होती, आणि म्हणूनच शेषूनं काठावरून जीभ बाहेर काढून डोळे तिरळे केले. अक्कानं ओठ आवळले, आवळले, आणि शेवटी पदर तोंडाला लावून फस्सकन हसली. तेवढंच. सात सेकंद. घरी आल्यावर तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "तुझ्यामुळे माझा भाग कापतील बघ मेल्या!" कापला नाही त्यांनी. कापायचा तो शेषूच्याच नशिबी होता.

ती गेल्यावर दोन वर्षांनी टूरिंग टॉकीजचा तंबू गावाबाहेरच्या वाळूत उभा राहिला. नऊ दिवस सिनेमा होता आणि नऊही दिवस अम्मा गेली. पहिल्या दिवशी बाकीच्या बायका होत्या, नंतर फक्त शेषू. आठव्या रिळापर्यंत ती वाळूत खाली बघत बसायची, पडद्यावर कोण रडतंय कोण मरतंय तिला सोयरसुतक नव्हतं. नाव आली की मान वर. अक्का हसली की अम्माचा हात शेषूच्या मनगटावर घट्ट, आणि नायिकेची नाव आली की हात सैल. मग उठून सरळ घरी. नवव्या दिवशी घरी येताना बांधावर तिला चालवेना. तिथंच बसली. "उद्याच्या बसनं सिनेमाची पेटी जाणार म्हणे," ती म्हणाली. "पुन्हा जाणार रे ती. मी कितीदा घालवू तिला?" आणि रडली, मोठ्यानं, शेतातली कुत्री भुंकायला लागेपर्यंत. शेषगिरीला आजही ते रडणं पोटात ऐकू यायचं, कानात नाही. तो पहाटे तंबूवर गेला. ऑपरेटर बशीर साब पेटीला दोरी आवळत होते. त्यांनी सगळं ऐकलं, विडी विझवली, आठवं रीळ परत बाहेर काढलं. "मालकाला कळलं तर माझं पोट जाईल, तम्मा," ते म्हणाले. मग शेषूकडे कात्री मागितली, कापलं, ब्लेडनं कडा खरवडल्या, चिकटवलं, फुंकर घातली. "गर्दीचा सीन आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही." साडेदहा फूट. एकशे अडुसष्ट चित्रं. शेषू ती गुंडाळी छातीशी धरून धावत घरी आला. आपण अक्काला सासरहून परत आणतोय असंच त्याला वाटत होतं.

अम्मानं पट्टी खिडकीशी धरली. डोळे बारीक केले. नखाएवढ्या चौकटीत घागर, पदर, पाणी. खालच्या चौकटीत तीच घागर, तोच पदर, तेच पाणी. तिनं पट्टी वरपासून खालपर्यंत पाहिली, परत वर गेली. "ही हलत का नाही रे?" तिनं विचारलं. शेषूनं पट्टी हलवून दाखवली, तर सगळ्या एकशे अडुसष्ट तुंगा एकदम हलल्या, एकसुद्धा हसली नाही. अम्मानं पट्टी त्याच्या हातात परत दिली आणि ती चुलीकडे गेली. त्यानंतर तिनं त्या पट्टीचं नाव काढलं नाही, अक्काचंही नाही. शेषूनं गुंडाळीला रबर लावलं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं आणि डबा तिच्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवून दिला. पेटी केव्हाच बसवर चढली होती. पडद्यावर हलत होती ती बहीण आपण कापून आणली आणि मेलेली करून घरात ठेवली, हे त्याला चौदाव्या वर्षीच कळलं होतं, आणि पुढची चोपन्न वर्षं त्यानं जे काही केलं, ते अर्ज, त्या सभा, वर्तमानपत्रांतली पत्रं, ते सगळं ह्या एका कळण्यापासून पळणं होतं. लोकांना वाटायचं हा सिनेमाचा वेडा. सिनेमा त्याला फारसा आवडतही नव्हता. उत्तरार्ध तर रटाळच होता. त्याला फक्त ती एकतिसांपैकी एक धडधाकट प्रत हवी होती, आणि आठवं रीळ.

घरी येऊन त्यानं फोन उघडला तर गटात गोंधळ माजला होता. इंचरानं तिथंही विचारलं होतं, कुणाला त्या सात सेकंदांबद्दल काही माहीत आहे का. दोरेस्वामींनी, हे निवृत्त मुख्याध्यापक, लिहिलं होतं, "त्या कात्रीवाल्याचा हात झडो." त्याखाली दुसऱ्या कुणी, "झडला असेल, त्याशिवाय का आणखी कापलं नाही." हसणारे चेहरे. मग दोरेस्वामींनी शेषगिरीचाच जुना लेख टाकला होता, प्रतींचे तुकडे करणाऱ्यांना त्यानं खाटीक म्हटलं होतं तो. "आमचे शेषगिरी सर तेव्हाच सांगून गेलेत!" खाली नमस्काराचे हात, तीसएक. शेषगिरीनं फोन पालथा ठेवला. पापण्णा असता तर त्याला सांगितलं असतं का? तीस वर्षांत सांगितलं नव्हतं. एक कॉफी वाटून प्यायची आणि एवढं एक वाटायचं राहून जायचं, ही कसली मैत्री, असं त्याच्या मनात आलं आणि मग खूप वेळ दुसरं काही आलंच नाही. घरात कुणी नव्हतं. लग्न केलं नव्हतं, त्याला कारण असं काही नव्हतं. मुली बघायला जायचा आणि चहा घेऊन येणारी कुणीही तोंडाला पदर लावून हसली नाही.

डबा कपाटात वरच होता. अम्मा गेली त्या वर्षी गावचं घर आवरताना ट्रंकेतून त्यानं तो जसाच्या तसा उचलून आणला होता. रबराच्या जागी फुलं ओवायचा दोरा होता. रबर सडलं असेल, अम्मानं दोरा बांधला असेल, एवढंच त्याला तेव्हा वाटलं होतं. उलगडून बघायचं धाडस त्यानं केलं नाही, सुकलेली फिल्म उलगडली की बिस्किटासारखी मोडते हे तोवर त्याला ठाऊक झालं होतं. बत्तीस वर्षं नुसता डबा पुसून परत ठेवत आला होता. आता झाकण काढलं तर आंबट वास नाकात गेला. तोच वास, कुजायला लागल्याचा. म्हणजे आता फार दिवस नव्हते. दिली तर इंचराच्या हातात हिचा चुरा होईल, आणि जगात अक्काचा एवढासाही पुरावा राहणार नाही. नाही दिली तर दसऱ्याला डिस्क येईल, तीनशेचाळीस माणसं बघतील, नायिकेची नाव झटकन पुढे येईल आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटणारसुद्धा नाही. गर्दीचाच तर सीन. हे दुसरं त्याला सहन होईना. त्यानं डबा कापडी पिशवीत घातला. बसथांब्यावर उभ्या उभ्या गटात लिहिलं, "कात्रीवाला मी आहे. हात अजून शाबूत आहे." आणि फोन बंद करून टाकला.

इंचरानं डबा उघडला, वास घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो ओरडा खायच्या तयारीनं उभा होता, चष्मा काढून. "कोण आहे ह्यात?" तिनं विचारलं. "माझी अक्का." तिनं खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाली, "वचन देत नाही सर. ओलसर हवेच्या पेटीत ठेवावी लागेल, महिनाभर. मऊ झाली तर उलगडेल. नाहीतर..." "नाहीतर ठाऊक आहे," शेषगिरी म्हणाला. परत जाताना पिशवी इतकी हलकी लागत होती की त्यानं दोनदा आत हात घालून पाहिलं.

तो महिना त्यानं कसा काढला त्याचं त्यालाच ठाऊक. गटातून एकोणीस जण निघून गेले, दोरेस्वामी पहिल्या तासातच. काहींनी फोन केले ते त्यानं घेतले नाहीत. दर्शिनीत मंजय्या एकदा म्हणाला, "सर, अर्धी कॉफी टाकून जाता, मला बरं वाटत नाही. अर्धीच देत जाऊ का?" "नको," शेषगिरी म्हणाला, "असू दे." उरलेल्या अर्ध्या पेल्याशी उभं राहायची त्याला सवय झाली होती, तीही गेली तर सकाळी करायचं काय! झोपेत त्याला पट्टी मोडल्याचा आवाज यायचा, पापड मोडल्यासारखा बारीक. जागा व्हायचा तर नाकाला तपकिरीचा वास.

इंचराचा फोन आला तेव्हा तो चालतच निघाला, पाऊण तास लागेल हे विसरून. तिनं आधी पडदा दाखवला नाही, उजेडाच्या टेबलाशी नेलं. पट्टी सरळ झोपली होती, काचेखाली. "एकशे बावन्न चौकटी वाचल्या सर. शेवटच्या सोळा नाही." तो वाकला. "तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही ही नेहमी ओढून बघत होता का? बोटांत धरून, भराभर?" "मी हात लावला नाही. उलगडलीच नाही कधी." "मग दुसऱ्या कुणीतरी. हे बघा." तिनं भिंग पुढे केलं. "दोन्ही कडा घासल्यात. पहिल्या चौकटीपासून शेवटच्यापर्यंत, एकसारख्या. अशी चिमटीत धरून डोळ्यांसमोरून सर्रकन ओढली की अशा घासतात. एकदा-दोनदा नाही, शेकडो वेळा, वर्षानुवर्षं केलं असणार. आणि कडेच्या भोकांमध्ये ही पूड अडकलीय. तपकिरी. आम्ही तपासायला पाठवणार होतो, कळेना कसली ते." शेषगिरीनं भिंगातून पाहिलं. मग भिंग बाजूला केलं आणि नाक काचेपाशी नेलं, जरी काचेतून वास येत नाही हे त्याला कळत होतं. "तपासू नका," तो म्हणाला. "तपकीर आहे."

तो खुर्चीवर बसला. गावचं घर, दुपार, आप्पा गेलेले, तो बंगळूरला टेलिफोनच्या नोकरीत. दार लोटून घेतलेलं. खिडकीशी ती एकटी, डोळ्यांना नीट दिसत नसताना, चिमटीत पट्टी धरून ओढतेय. पुन्हा गुंडाळतेय. पुन्हा ओढतेय. मग दोरा बांधून लुगड्यांखाली परत. सुटीत तो घरी जायचा, दोघं समोरासमोर बसून ताकभात खायची, पावसाबद्दल बोलायची, आणि ट्रंक हाताच्या अंतरावर असायची. वीस वर्षं. एकदा जरी तो म्हणाला असता, अम्मा, आण बघू ती पट्टी, मी ओढतो तू बघ. एकदा जरी. त्याला वाटलं होतं ती विसरली. तिला वाटलं असेल ह्याला कशाला आठवण द्यायची. एका घरातली दोन माणसं एकाच माणसासाठी अशी वेगवेगळी रडत राहिली, ह्याचं दुःख त्याला इतकं झालं, की इंचरानं पाणी पुढे केलं ते त्याला दिसलंच नाही.

"सर," ती हळूच म्हणाली, "ह्या ओरखड्यांमुळे पडद्यावर रेघा येतात. कडेला धूर धूर होतो. संगणकावर सगळं साफ करता येईल, शेवटच्या सोळाही भरून काढता येतील. बाकी सिनेमा आरशासारखा झालाय, हे सात सेकंद डोळ्यांत खुपतील. लोक शिव्या देतील." "मला देतच आहेत," शेषगिरी म्हणाला. "रेघा राहू देत. भरूही नका काही. माझ्या अम्माचा हात आहे तो." इंचरानं मान हलवली, आणि दिवा घालवला.

पडद्यावर संगम होता, भर दुपारचा. नाव. पाण्यावर रेघाच रेघा, बारीक, उभ्या, दोन्ही कडांनी धावणाऱ्या. मांडीवर घागर घेतलेली एक मुलगी समोर बघायचं विसरून काठाकडे वळली. तिनं ओठ आवळले. आणखी आवळले. मग पदर तोंडाला गेला, खांदे हलले, घागर हलली, घागरीतलं पाणी हललं, आणि हसू पुरतं फुटायच्या आत नायिकेची नाव आली. शेषगिरीचा डावा हात उजव्या मनगटावर गेला होता, घट्ट.

"हलली, अम्मा," तो म्हणाला.

इंचराला वाटलं तो तिच्याशी बोलला. "काय म्हणालात सर?"

"काही नाही," शेषगिरी म्हणाला. "पुन्हा एकदा लावतेस का?"